‘चोवीस तास माणूस आहे’: नागपुरातल्या एका आजींचे शेवटचे पाच महिने

मी परिचारिका आहे. सरकारी रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर गेली काही वर्षं नागपुरात घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग, नळ्या, कॅथेटर आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा बघते. खालचं प्रकरण एका घराचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव एकाचंही दिलेलं नाही. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आणि सूनबाईंनी मजकूर वाचून दोन जागा दुरुस्तही केल्या.

पार्श्वभूमी

आजी ८१ वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. रिंग रोडलगतच्या एका लेआउटमध्ये तळमजल्यावरचं घर. सोबत थोरला मुलगा (बँकेत नोकरी) आणि सून (घरीच शिकवण्या घेते). मुलगी पुण्याला, धाकटा मुलगा बेंगळुरूला. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. शेवटचे अकरा दिवस ते अतिदक्षता विभागात होते आणि बहुतेक काळ कृत्रिम श्वासावर. त्या अकरा दिवसांबद्दल या घरात कोणी फारसं बोलत नसे. पण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्याच सावलीत झाला, हे मला खूप उशिरा कळलं.

आजींना पाच वर्षांपासून डिमेन्शिया होता. सुरुवातीला किल्ल्या हरवणं, मग भाजीत दोनदा मीठ, मग संध्याकाळी ‘मला घरी जायचं आहे’ म्हणून फाटकापाशी उभं राहणं. गेल्या वर्षभरात आंघोळ, कपडे, शौच सगळ्यालाच हात द्यावा लागे. सुनेला त्या स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या, पण आवाज तिचाच ओळखायच्या. हे सगळं एकट्या सूनबाई करत होत्या. घरात कुणी त्याला ‘शुश्रूषा’ म्हणत नव्हतं, कारण ते रोजचंच होतं.

जानेवारीत पहाटे बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. रामदासपेठेतल्या एका रुग्णालयात तिसऱ्या दिवशी ऑपरेशन होऊन गोळा बदलला. सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मानचं कार्ड आजींकडे होतं, त्यावर ऑपरेशनचा बराचसा खर्च निघाला. हे कार्ड भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, हे मुलाला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. घरी आल्यावर महिनोन्‌महिने लागणारी बाई, गादी, डायपर यांतलं काहीच त्यात बसत नाही.

रुग्णालयात आजींचा गोंधळ वाढला. रात्री सलाईन उपसतात म्हणून हात पट्टीने बांधले गेले. आठव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, सुट्टी मिळाली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: वॉकर घेऊन चालवणे, फिजिओथेरपी, टाके पंधरा दिवसांनी. डिमेन्शियाचा उल्लेख एका शब्दाने नव्हता. पाठ, टाचा, गिळणं, वजन यांबद्दलही काही नव्हतं. ज्या बाईला ‘उजवा पाय उचला’ हे वाक्य समजत नाही तिला वॉकरवर चालवायचं कसं, हा प्रश्न त्या कार्डाने घरच्यांवर सोडून दिला.

पहिला निर्णय: घरी की सेंटरला

निर्णयाला एक रात्र मिळाली. तीन मार्ग दिसत होते. सूनबाईंनी एकटीने करायचं. शुश्रूषेला बाया पुरवणाऱ्या ब्युरोतून दिवसाची आणि रात्रीची अशा दोन बाया लावायच्या. किंवा शहराबाहेरच्या एका निवासी केअर सेंटरमध्ये दोन-तीन महिने ठेवून चालत्या झाल्या की घरी आणायच्या. सेंटरचे महिन्याचे तीस हजार, औषधं आणि डायपर वेगळे.

थोरला मुलगा रविवारी सकाळी सेंटर बघून आला. स्वच्छ फरशी, मागे बाग, देवघर, वेळेवर जेवण. त्याने विचारलं, ‘रात्री कोणी असते ना?’ उत्तर आलं, ‘चोवीस तास माणूस आहे.’ पुण्याला फोन गेला, बेंगळुरूला फोन गेला, आणि तिघा भावंडांत हेच वाक्य फिरलं. सगळ्यांना हायसं वाटलं. सूनबाईंना कोणी विचारलं नाही. त्यांनीही काही म्हटलं नाही. त्या थकल्या होत्या, आणि विरोध केला तर सगळं आपल्याच अंगावर येईल हे त्यांना दिसत होतं.

सेंटर निवडणं ही चूक होती असं मी म्हणणार नाही. नागपुरात चांगली चालवलेली ठिकाणंही मी पाहिली आहेत. माझी हरकत त्या वाक्यावर आहे. ‘माणूस आहे’ या उत्तरातून माणूस किती जणांमागे एक आहे, तो काय शिकलेला आहे आणि रात्री दोन वाजता तो नेमकं काय करतो, हे काहीच कळत नाही. नंतर समजलं की तिथे बावीस खाटा होत्या, दिवसा एक प्रशिक्षित नर्स, रात्री दोन मदतनीस आणि नर्स नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची तर बावीस जणांना रात्रभर बदलत राहणं दोन हातांच्या जोड्यांना शक्य नसतं. त्या दोन मुलींना मी दोष देत नाही.

अडचण कुठे उघडी पडली

एकोणिसाव्या दिवशी मुलगी पुण्याहून आली आणि ‘आज आईचं अंग मीच पुसते’ म्हणून हट्टाने बसली. कुशीवर वळवलं तर माकडहाडाच्या वर तळहाताएवढी जागा काळी पडलेली, कडेने ओली, आणि वास. दोन्ही टाचांवर जांभळे डाग. वजन ४७ किलोवरून ४१ वर आलेलं. फिजिओथेरपिस्ट पहिल्या आठवड्यानंतर फिरकला नव्हता, कारण ‘पेशंट सहकार्य करत नाही’.

थोरला मुलगा पुढे मला म्हणाला, ‘सिस्टर, मी दर दोन दिवसांनी जाऊन राहिलो होतो जी. चेहऱ्यावरून हात फिरवायचो, बिस्किट खाऊ घालायचो. पाठ पाहा लागते हे माह्या डोक्यातच नाही आलं.’

कोणाच्याच येत नाही. शय्याव्रण, म्हणजे आपण ज्याला बेडसोर म्हणतो, तो चादरीखाली होतो आणि भेटायला येणारा चेहरा बघून जातो. हाडाच्या उंचवट्यावर वजन सतत राहिलं की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि कातडी मरते. सुरुवात नुसत्या लालीपासून होते. त्या लालीवर बोट दाबून सोडलं आणि ती पांढरी पडली नाही, तर तीच धोक्याची घंटा. तेव्हा पकडलं तर काही दिवसांत निभावतं. कातडी सोलली की दुसरी पायरी, आतली चरबी दिसली की तिसरी, स्नायू किंवा हाड दिसलं की चौथी. आजींच्या काळ्या खपलीखाली तिसरी पायरी होती.

दोन दिवस भरती करून सर्जननी मेलेला भाग काढला. थोरल्याला सेंटरविरुद्ध ग्राहक आयोगात जायचं होतं. मुलीचं म्हणणं होतं की आधी आई, मग भांडण. तक्रार शेवटपर्यंत झाली नाही. पण मुलीने त्याच दिवशी तारखेसह फोटो काढले होते आणि सेंटरच्या नोंदवहीची प्रत मागितली होती. वहीत रोज ‘पेशंट ओके’ एवढंच लिहिलेलं होतं.

दुसरा निर्णय: घरी आणायचं, पण कसं

मी इथे या घरात आले, जखम साफ केल्यानंतरच्या चौथ्या दिवशी. आजी घरी होत्या, ब्युरोच्या दोन बाया लागल्या होत्या, बारा-बारा तासांच्या. घरच्यांचा विचार असा की या बाया काढून दोन्ही वेळा जी. एन. एम. (नर्सिंगची पदविका) झालेल्या नर्स लावाव्यात, म्हणजे पुन्हा फसवणूक नको.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. बाईचे बारा तासांचे ७००, दोघींचे १,४००, म्हणजे महिन्याला ४२ हजार. प्रशिक्षित नर्सचे बारा तासांचे १,५००, दोन वेळांचे महिन्याला ९० हजार. आजींचं पेन्शन तिसांच्या घरात. मी माझं मत सांगितलं, आणि ते अजूनही तेच आहे: आजींना नर्सिंगचं कौशल्य दिवसातून साधारण एक तास लागत होतं, आणि उरलेले तेवीस तास लागत होते शिकवलेले, नीट नेमून दिलेले हात. म्हणून मी रोज एकदा येणार, जखम बघणार, आणि त्याच तासात दोघी बायांना आणि सूनबाईंना शिकवणार. पहिले तीन आठवडे रोज, मग एक दिवसाआड. माझ्या भेटीचे ५०० धरून सगळा खर्च गादी-डायपरसह साठ हजारांच्या आसपास बसला. तो तिघा भावंडांनी वाटून घेतला. त्यासाठी एक वेगळं खातं उघडलं, ही मुलीची कल्पना, आणि त्यामुळे पुढचे बरेच कुरबुरीचे प्रसंग टळले.

सगळ्यांना हा मार्ग चालेल असं नाही. श्वासनलिकेला छिद्र असेल, वरचेवर सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणं) लागत असेल, इंजेक्शनांचे पंप असतील, तर चोवीस तास प्रशिक्षित माणूसच हवा. तिथे काटकसर करू नये.

घरी काय केलं

पहिल्या दिवशी गादीला हात लावला तर ती पाटासारखी कडक. हवेची गादी विकत आणली होती, पण पंपाचं बटण कोणीतरी शेवटपर्यंत फिरवलेलं, ‘जास्त हवा म्हणजे जास्त चांगलं’ म्हणून. ते बटण वजनाप्रमाणे ठेवायचं असतं. गादीवर दोन चादरी, त्यावर प्लास्टिकचं मेणकापड, त्यावर डायपर, त्याखाली आणखी एक डायपर. उन्हाळा तोंडावर आलेला. नागपुरात पारा ४४च्या पुढे जातो तेव्हा प्लास्टिकवर झोपलेली पाठ घामात भिजत राहते आणि भिजलेली कातडी लवकर फाटते. मेणकापड काढलं, आजींच्याच जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी घातली. तीच घडी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना वर सरकवायचं, काखेत हात घालून ओढायचं नाही, कारण ओढताना कातडी आतून घासते.

वीज गेली की गादी हळूहळू बसते. या घरी इन्व्हर्टर होता, पण त्यावर पंखा आणि टीव्ही. टीव्ही काढून गादीचा पंप जोडला. पंपाला वीज अगदी थोडी लागते. कूलरचं तोंड अंगावरून काढून भिंतीकडे वळवलं, नाहीतर ओली हवा थेट पाठीवर यायची.

मग वही. साधी शंभर पानी. वेळ, कूस, पाठीचा रंग, लघवी, काय खाल्लं, कोणी बदललं. उजवी कूस, मग डावी, आणि पाठीवर शक्यतो नाहीच. पूर्ण कुशीवर नाही, तर पाठीमागे गोधडीची गुंडाळी लावून साधारण तीस अंश कललेलं. पोटरीखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी. लाल जागेवर चोळायचं नाही, तेलसुद्धा नाही. रबराची रिंग आणलेली होती ती काढून टाकली, कारण ती कडेचा रक्तपुरवठा दाबते. जखमेत स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड काही नाही, फक्त सलाईनने धुणं. वासासाठी डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड.

रात्रीच्या बाईने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, ‘ताई, आठ वर्सं झाले मी ह्या कामात. पाठ पाहा लागते, दोन-दोन घंट्यानं फिरवा लागते, हे मले कोणी सांगतलंच नाही ना. सांगतलं असतं तं केलं असतं.’ तिची वही पुढे सगळ्यात स्वच्छ असायची. अक्षर येत नव्हतं म्हणून ती बाणाची खूण करायची, उजवीकडे किंवा डावीकडे.

इथे माझी एक चूक नोंदवते. ड्रेसिंगच्या वेळी आजी हात आवळायच्या, भुवया आक्रसायच्या, श्वास वेगाने घ्यायच्या. मी त्याला डिमेन्शियातली अस्वस्थता समजले. ज्याला ‘दुखतंय’ हा शब्द उरलेला नाही त्याचं दुखणं चेहरा, श्वास, आवाज, अंगाची हालचाल आणि जवळ घेतल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टींवरून ओळखायचं असतं. मला ते शिकवलेलं होतं. तरी चार दिवस मी त्यांना दुखवत ड्रेसिंग केलं. पाचव्या दिवशी डॉक्टरांना विचारून पाऊण तास आधी पॅरासिटामॉल सुरू केलं आणि मुठी सैल झाल्या.

सात आठवड्यांत जखम नऊ बाय सात सेंटीमीटरवरून पाच बाय चारवर आली. तळ लाल, दाणेदार. थोरल्या मुलाने फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाकला आणि बेंगळुरूहून धाकट्याने विचारलं, आता चालवायचं कधी?

तिसरा निर्णय: नाकातून नळी

जखम भरत होती आणि आजी मावळत होत्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे घरच्यांना समजावणं मला जखमेपेक्षा अवघड गेलं.

एप्रिलअखेर त्या घास तोंडात धरून ठेवू लागल्या. पाणी प्यायल्यावर ठसका. वजन ३८. एका फिजिशियननी तपासून सांगितलं, ‘राईल्स ट्यूब घालून टाकू, म्हणजे पोषण व्यवस्थित जाईल.’ रात्री व्हिडिओ कॉलवर तिघं भावंडं, मी आणि कोपऱ्यात सूनबाई.

थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. ‘आईला मी उपाशी ठेवून राहिलो, असं वाटते मला. जिनं हजारो पोरांना खिचडी वाढली तिच्या पोटात काही नको जायला?’ धाकटा नळीच्या बाजूने. मुलगी गप्प.

मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. पक्षाघाताच्या रुग्णाला काही आठवडे नळी घालतात ती गोष्ट वेगळी. तिथे गिळणं परत येण्याची आशा असते. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात गिळणं जातं ते आजाराचाच भाग म्हणून. या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं किंवा अन्न फुप्फुसात जाणं थांबतं, असं दिसून आलेलं नाही. वृद्धांच्या वैद्यकातले तज्ज्ञ नळीऐवजी हाताने जपून भरवण्याचा सल्ला देतात. शिवाय नळी उपसू नये म्हणून पुन्हा हात बांधावे लागतील. जुलाब झाले तर पाठीची जखम भिजेल. आणि भूक, तहान यांची जाणीव शरीर बंद होत असताना ओसरत जाते. कोरडं तोंड मात्र त्रास देतं, त्याचा उपाय ओल्या कापसाने तोंड पुसत राहणं.

तरी निर्णय होत नव्हता. तेव्हा सूनबाई पहिल्यांदा बोलल्या. सासरे अतिदक्षता विभागात असताना एका रात्री त्या आणि आजी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. डिमेन्शिया तेव्हा नव्हता, किंवा कळला नव्हता. आजी म्हणाल्या होत्या, ‘माझ्या वेळी हे नळ्यांचं लोढणं नको ग. घरी मरू दे मला. तू सांगशील त्यांना.’

‘मग सहा वर्षं सांगितलं का नाहीस, वहिनी?’ मुलीने विचारलं.

‘मला कोणी विचारलं नाही, ताई. आणि सुनेने सांगितलं असतं तर काय अर्थ काढला असता?’

कॉलवर बराच वेळ कोणी बोललं नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा क्षण कोणता वाटतो विचाराल तर हाच. ज्या व्यक्तीला आजींची इच्छा ठाऊक होती, जी त्यांच्या तोंडातला प्रत्येक घास बघत होती, तिला पहिल्या दोन निर्णयांत जागाच नव्हती. आणि आम्ही व्यावसायिक लोकांनीही तिथे तेच केलं. रुग्णालयाने मुलाशी बोलणं केलं, सेंटरने मुलाशी, आणि पहिला हिशेब मीही मुलासमोरच मांडला.

नळी घातली नाही. हाताने भरवायचं ठरलं. बसतं करून, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, एक घास पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा नाही. इथे एक पेच होता: पाठीच्या जखमेसाठी डोक्याकडची बाजू तीस अंशांच्या वर नको, आणि गिळण्यासाठी सरळ बसवायला हवं, खाल्ल्यावरही अर्धा तास. आम्ही खाणं दिवसातून चार वेळा, वीस मिनिटांचं केलं आणि तेवढाच वेळ बसवलं. जखम थोडी मंदावली तरी चालेल, असं उघडपणे ठरवून. पातळ पाणी बंद, त्याऐवजी ज्वारीची घट्टसर आंबील, मऊ वरणभात, दह्याची घट्ट कढी. मे महिन्यात आमरस. एका दुपारी चार चमचे आमरस घेतला आणि ‘पुरे’ म्हणाल्या. महिन्याभरात स्पष्ट ऐकू आलेला तो एकच शब्द. वहीत सूनबाईंनी तो तारीख घालून लिहिला आहे.

उपशामक सेवेशी जोडणं

याच आठवड्यात मी शहरातल्या एका उपशामक (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या, म्हणजे ‘पॅलिएटिव्ह’) सेवा पथकाच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. हे मी मार्चमध्येच करायला हवं होतं. ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द ऐकल्यावर थोरला म्हणाला, ‘पण आईला कॅन्सर थोडीच आहे?’ हा समज पसरण्याला कारणही आहे. देशातली पहिली हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना ठेवून त्यांची शुश्रूषा करणारी जागा), मुंबईचं शांती आवेदना सदन, १९८६ साली सुरू झाली ती कर्करोगाच्या रुग्णांसाठीच. पण दुखणं, धाप, जखमा, घरच्यांची घालमेल या गोष्टी हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस, डिमेन्शिया सगळीकडे असतात आणि ही सेवा त्या सगळ्यांसाठी आहे. हॉस्पिसमध्ये हलवण्याचा पर्यायही डॉक्टरांनी ठेवला. सूनबाई म्हणाल्या, घरात हात आहेत, तर घरीच.

डॉक्टरांनी एका पानावर योजना लिहून कपाटाच्या दाराला चिकटवली. ताप आला तर काय, धाप लागली तर काय, रात्री फोन कोणाला, आणि तळाशी: ‘श्वास थांबल्यास छाती दाबणे नको, कृत्रिम श्वासही नको, असे कुटुंबाने ठरवले आहे.’ तिघांच्या सह्या. धाकट्याने बेंगळुरूहून फोटोवर सही करून पाठवली.

शेवटचे नऊ दिवस

जूनच्या सुरुवातीला ताप आणि घरघर. रात्री दोन वाजता रात्रीच्या बाईने सूनबाईंना उठवलं, सूनबाईंनी मला फोन केला. थोरला रुग्णवाहिका बोलवायला फोन हातात घेऊन उभा होता. मी त्याला कपाटावरचा कागद वाचायला सांगितला, मोठ्याने. त्याने वाचला आणि फोन खाली ठेवला. पुढे तो म्हणाला, त्या क्षणी कागद नसता तर मी आईला उचलून नेलंच असतं, आणि बाबांचे अकरा दिवस परत सुरू झाले असते.

बाबांच्या वेळी यंत्र एकदा लागल्यावर ‘आता थांबवा’ असं म्हणायची हिंमत कोणाची झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं. जानेवारी २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं. लावलेलं यंत्र काढायचं असेल तर आजही रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते. आजींनी इच्छापत्र करायला हवं होतं ते डिमेन्शियाच्या पहिल्या वर्षात, समज शाबूत असताना. तेव्हा सगळे गोळ्या बदलण्यात गुंतले होते.

तापासाठी तीन दिवस तोंडाने प्रतिजैविक देऊन पाहिलं. उतार पडला नाही, बंद केलं. धापेसाठी डॉक्टरांनी मॉर्फिन (अफूपासून मिळणारं वेदनाशामक) सुरू केलं, अडीच मिलिग्रॅम दर चार तासांनी, सोबत पोट साफ राहण्याचं औषध. भेटायला आलेले एक काका दारातच म्हणाले, ‘मॉर्फिन? म्हणजे आता मारूनच टाकता का?’ मुलगी रडायला लागली. डॉक्टर त्या दिवशी पाऊण तास बसले. एवढ्या लहान मात्रेने मृत्यू येत नाही, धाप लागल्याची भीती कमी होते, हे त्यांनी काकांनाच समोर बसवून समजावलं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली ती याचसाठी, की मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना हे औषध गरजूंपर्यंत पोचवता यावं. गोळ्या कुलुपात आणि प्रत्येक गोळीची नोंद वहीत, हा नियम आम्ही पाळला.

बाकीचं साधं. चेहऱ्यावर टेबलफॅन, त्याने धाप खरोखर कमी वाटते. ओठांना तूप. कुशीवर कललेलं डोकं, म्हणजे घशातली घरघर ओघळून जाते. सक्शन नाही. सलाईन लावावं असं मुलीला वाटत होतं. शरीर बंद होत असताना तेच पाणी फुप्फुसात साचतं, असं सांगून डॉक्टरांनी नाही म्हटलं.

नवव्या दिवशी पहाटे पाच वाजता आजी गेल्या. रात्रीच्या बाईच्या वहीत शेवटची नोंद चारची, डावीकडे बाण.

फॅमिली डॉक्टरांना आम्ही आठवडाभर आधीच विचारून ठेवलं होतं, घरी मृत्यू झाला तर येऊन दाखला देणार का. ते साडेसहाला आले. त्यामुळे अंबाझरी घाटावर आणि पुढे महापालिकेत नोंदणी करताना (ती २१ दिवसांच्या आत करायची असते) एक शब्द वाढला नाही. हा फोन आधी न केलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांची ती सकाळ डॉक्टर शोधण्यात जाते.

काय साधलं, काय राहिलं

जखम पूर्ण भरली नाही. शेवटी चार बाय तीन होती, पण स्वच्छ आणि वास नसलेली. नवीन जखम एकही झाली नाही. हात पुन्हा बांधले गेले नाहीत.

आता असं घर आलं तर मी काय वेगळं करीन? रुग्णालयातून सुट्टी होतानाच, कार्ड हातात घेऊन, पाठ, गिळणं आणि दुखणं यांबद्दल लिहून मागायला सांगीन. सेंटर बघायला जाणाऱ्याला सांगीन की बाग नंतर बघा, आधी रात्रीच्या पाळीत किती खाटांमागे किती जण आणि नर्स किती ते विचारा, मागच्या आठवड्याची कूस बदलल्याची नोंद दाखवा म्हणा, आणि दर भेटीत चादर वर करून पाठ आणि टाचा बघण्याची मुभा आधीच मागून घ्या. उपशामक डॉक्टर पहिल्या आठवड्यात. आणि पहिल्या बैठकीत खुर्ची आधी सुनेला.

एका गोष्टीवर घरात अजून एकमत नाही. मुलीला वाटतं, शेवटच्या तापात शिरेतून प्रतिजैविक द्यायला हवं होतं, निदान दोन दिवस. तेरवीनंतर तिने मला पुण्याहून फोन करून हेच विचारलं. मी तिला सांगितलं की दिलं असतं तर तो ताप कदाचित उतरला असता, आणि काही आठवड्यांनी पुन्हा आला असता, कारण गिळणं परत येणार नव्हतं. तिने पुन्हा विचारलं, ‘पण कदाचित उतरला असता ना?’ मी हो म्हटलं.